कलशाखालचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या डोक्यावर कलश ठेवू नये, असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या जाऊबाईंना तर कोणी सांगायचा प्रश्नच नव्हता. दसऱ्याला आमच्या घरी सगळ्या अवजारांची पूजा होते. माझं शिलाई मशीन, मोठी कात्री, विळी, पाण्याची मोटर, अंगणातली यांची जुनी स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. कॉम्प्युटरनं काय पाप केलं? तोही वर्षभर राबतोच. हे होते तेव्हा तेच त्याची पूजा करायचे, बोटानं कुंकवाचा एक ठिपका लावायचे आणि बाजूला व्हायचे. ते गेल्यावर पूजा माझ्याकडे आली. यंदा मी तळणात अडकले होते, म्हणून ती जाऊबाईंकडे गेली.

जाऊबाई म्हणजे यांच्या मोठ्या भावाची बायको. राहतात आंजीला, शेतावरच्या घरी. नवरात्रात दरवर्षी इकडे पिपरी मेघेला माझ्याकडे येतात आणि कोजागिरी करूनच परत जातात. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला लहानी म्हणतात. मी साठी ओलांडली, नाकावर चष्मा आला, तरी लहानीच.

तर बाईंनी कॉम्प्युटरच्या त्या उभ्या काळ्या डब्याकडे पाहिलं. वरून सपाट, उंचीला बरोबर. त्यांना वाटलं, याच्यापेक्षा चांगला चौरंग कोणता? त्याच्यावर लाल कापड अंथरलं, कापडावर तांब्या, तांब्यात पाणी, आंब्याची पानं, वर नारळ. खरंच सांगते, दिसत सुंदर होतं. ओवाळायला म्हणून त्या पुढे वाकल्या आणि पदर नारळात अडकला. नारळ गडगडला, तांब्या आडवा झाला, आणि सगळं पाणी त्या डब्याच्या वरच्या जाळीतून आत. मी स्वयंपाकघरात होते. फट् असा आवाज ऐकला आणि मागोमाग जळक्या रबरासारखा वास आला. धावत येऊन पाहते तर पडदा काळा झालेला, आणि बाई हातात निरांजन धरून तशाच उभ्या.

"माय! हे काऊन विझलं व?"

मी आधी बटण बंद केलं, प्लग उपटला, मग त्यांच्या हातातलं निरांजन घेतलं. "काही नाही बाई, ओला झाला. वाळेल."

"गाणे त्याच्यातच होते नं?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारला की मला कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू आला.

गाण्यांचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर गाणी आणि शेवटी खिरापत. ही खिरापत झाकून आणायची असते. बाकीच्यांनी डबा हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट ते विचारायचं आणि ओळखायचं. ओळखता आली नाही की जिनं आणली तिची कॉलर ताठ. आता बऱ्याच घरांतून हे गेलं, पण आमच्या गल्लीत मी टिकवून ठेवलं आहे. शिकवणीला जाणाऱ्या मुली संध्याकाळी अर्धा तास तरी येतात.

त्या गाण्यांचा खजिना म्हणजे बाई. त्यांचं माहेर वडनेर. त्यांच्या आईचं एक गाणं आहे, ते मी दुसऱ्या कोणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही. भुलाबाई वडनेरच्या बाजाराला जाते आणि एकेका दुकानासमोर उभी राहते. बांगडीवाला, कुंभार, चिवड्याची गाडी, भाजीवाली, प्रत्येकाशी तिचं भांडण होतं, आणि सगळ्यांत शेवटी ती कापडवाल्याला असा काही टोला हाणते की गाणाऱ्या पोरी हसून लोळतात. गाणं लांब आहे. आणि गेल्या वर्षापासून बाईंच्या डोक्यातून त्यातली दुकानं निसटायला लागली. कुंभाराच्या पुढे त्या एकदम कापडवाल्यावर जातात, मग स्वतःच थांबतात, म्हणतात, "नाई, मधात काहीतरी होतं." आणि गप्प बसतात. गेल्या कोजागिरीला त्या अशाच गप्प बसल्या आणि पोरींनी टाळ्या वाजवून वेळ मारून नेली. बाई नंतर मला म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी पुरं गाणं पोट्ट्याइले देऊन टाकतो, मंग मी मोकळी."

ते पुरं गाणं कॉम्प्युटरवरून ऐकता येत होतं. यांनीच केलं होतं ते. निवृत्त झाल्यावर यांना दोन छंद लागले, एक कॉम्प्युटर आणि दुसरा वहिनींची गाणी. आंजीच्या अंगणात खाटेवर बसवून बाईंकडून गाऊन घ्यायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि तिथूनच नेटवर चढवून द्यायचं. गाण्यांसाठी म्हणून त्यांनी एक वेगळा मेल उघडला होता. मी म्हणायची, घरात एक प्रत ठेवा. ते म्हणायचे, "नेटवर ठेवलं की घराला आग लागली तरी चिंता नाही." आगीची त्यांनी सोय केली होती. कलशाची केली नव्हती.

तो मेल आमच्या कॉम्प्युटरवर कायम उघडाच असे. कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक केलं की गाणी समोर. त्याचा पासवर्ड काय, हे मी कधी विचारलं नाही, कारण त्यानंही मला कधी विचारला नाही. तो यांनी एकदा टाकला आणि कॉम्प्युटरनं लक्षात ठेवला. आता लक्षात ठेवणाराच गेला.

बाईंनी त्या दिवशी पुरणाला हात लावला नाही. सोनं द्यायला शेजारपाजारचे आले, त्यांना आपट्याची पानं दिली, हसल्या, आणि आत जाऊन पिशवी भरायला लागल्या.

"कुठं निघाल्या?"

"उद्याच्या गाडीनं आंजीले. भुलाबाई कोपली माह्यावर."

"भुलाबाईला कॉम्प्युटर कळतो का बाई?"

"तिले सगळं कळते. तिचं गाणं मी विसरलो, आता होतं थेही बुडवलं. पोट्ट्याइले सांग, औंदा दुसऱ्या कोणाले तरी बसवा मधात."

मी पिशवीतून त्यांची लुगडी एकेक करून बाहेर काढली. "कोजागिरीपर्यंत थांबा. गाणं मी काढून देते."

म्हटलं तर खरं. काढायचं कसं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. पण मला माझा अनुभव आहे. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. शिलाई मी दुसऱ्यांची शिवलेली ब्लाउजं उसवून शिकले. उसवलं की कळतं, आत काय घातलंय. कॉम्प्युटरही मी तसाच शिकले, यांच्या पाठीमागे उभं राहून, मग ते दुपारी झोपले की स्वतः बसून. माणसानं बनवलेली वस्तू आहे, माणसाला उघडता येते.

मुलगी पुण्याला असते, कॉम्प्युटरच्याच कामात. तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसली.

"आई, मोठ्या आईनं कॉम्प्युटरवर अभिषेक केला?"

"हसू नको. त्या ऐकतात."

"बरं बरं. पासवर्ड विसरलात म्हणून बटण असतं, ते दाब ना. ओटीपी येईल."

"तो तुझ्या बाबांच्या नंबरवर जातो."

यांचा फोन केव्हाच बिघडून गेला होता आणि तो नंबर यांच्यानंतर मी बंद होऊ दिला होता. पण नंबर मरत नाहीत, कंपनी ते दुसऱ्याला देते, असं तिनंच मला सांगितलं. मग काय, मी तो नंबर लावला. उचलला एका गृहस्थांनी. आवाज वयस्क, बोलणं अगदी अदबीचं. मी सगळं सांगितलं, भुलाबाई, जाऊबाई, कलश. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं दुःख मले समजते," ते म्हणाले, "पण ओटीपी कोणाले सांगाचा नाई, असं माह्या सुनेनं बजावून ठेवलं आहे. अन् तुमी जे सांगून राह्यल्या नं, इतकी चांगली कहाणी तर चोरच सांगते."

त्यांच्या जागी मीसुद्धा हेच उत्तर दिलं असतं. मी म्हटलं, "भाऊ, तुमची सून हुशार आहे," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डबा उघडला. आत कुंकवाची लाल रेघ वरून खालपर्यंत ओघळलेली. मोठ्या हिरव्या पाटीवर एक काळा डाग, तिथंच जळालं होतं. पण हार्डडिस्क खाली, एका बाजूच्या कप्प्यात, आडोशाला होती. अगदी कोरडी. हार्डडिस्क म्हणजे कॉम्प्युटरची कोठी समजा. घर पडलं तरी कोठीतलं धान्य शाबूत राहू शकतं. बाकीचं सगळं हात-पाय, आणि हात-पाय दुसरे मिळतात.

ती कपड्यात गुंडाळून मी वर्ध्याला एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदार ओळखीचा, पूर्वी यांचं तिथं बसणं-उठणं होतं. त्यानं तारेला जोडून पाहिली.

"काकू, डिस्क एकदम ठणठणीत. फोटो, फाइली, सगळं काढून देतो."

"फोटो नको. पासवर्ड पाहिजे."

"तो नाही मिळत असा. त्याची फाइल असते, पण कुलूपबंद. उघडून पाहिली तर नुसती गिचमिड दिसते."

"कुलूप आहे तर किल्ली कुठं असते?"

त्यानं डोकं खाजवलं. "काका कोणता प्रोग्राम वापरायचे नेटसाठी?" मी सांगितला. यांचा वेगळा होता, माझा वेगळा. "मग तुमचं नशीब थोडं चांगलं आहे. बाकीच्यांची किल्ली त्या जुन्या विंडोजमध्ये अडकलेली असते. याची किल्ली त्याच फोल्डरमध्ये, दुसऱ्या फाइलीत असते. पण मी कधी केलं नाही हे काम, खोटं कशाला बोलू. आणि दिवाळीपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नाही."

"करायचं मी पाहते. मला ही डिस्क लॅपटॉपला जोडता येईल असं काहीतरी द्या."

त्यानं एक छोटा डबा दिला, त्यात डिस्क सरकवायची आणि शेपटीसारखी तार लॅपटॉपला लावायची. निघताना म्हणाला, "काकू, काही बिघडलं तर माझं नाव सांगू नका."

मुलीचा जुना लॅपटॉप घरी होता. संध्याकाळी तिला पुन्हा फोन लावला. आता ती हसत नव्हती, तिलाही गोडी लागली होती.

"आई, एक गोष्ट ऐक. जुन्या डिस्कवर काहीच लिहायचं नाही, काहीच खोडायचं नाही. जे पाहिजे ते आधी लॅपटॉपवर कॉपी कर आणि मग त्या कॉपीशी खेळ."

हे मला पटलं. गिऱ्हाइकाच्या मापाच्या ब्लाउजला कोणी कात्री लावतं का? ते बाजूला ठेवायचं आणि त्यावरून दुसरं बेतायचं.

आता यांचा तो फोल्डर सापडेना. डिस्क उघडली, यांच्या नावाचा कप्पा उघडला, तर आधी लॅपटॉप म्हणतो, तुम्हाला इथं यायची परवानगी नाही. मी म्हटलं, वा रे वा, बायको आहे मी त्यांची. खाली 'पुढे चला' असं बटण होतं, ते दाबलं, तर एक हिरवी पट्टी सरकत गेली आणि दार उघडलं. आत फोटो होते, पेन्शनचे कागद होते, नातवाच्या बारशाचा व्हिडिओ होता, फक्त पासवर्डचं ठिकाण नव्हतं. मुलीनं सांगितलं, तो फोल्डर दडवलेला असतो, 'दडलेल्या फाइली दाखवा' यावर खूण कर. खूण केली आणि अंधूक रंगाचे कितीतरी फोल्डर डोळ्यासमोर उमटले. एकात एक, एकात एक, असं आत जाता जाता शेवटी तो मिळाला. नाव असं विचित्र, की कोणी डोळे मिटून बोटं आपटली असावीत.

मुलगी म्हणाली, "त्यातल्या दोनच फाइली पाहिजेत."

मी म्हटलं, "मी अख्खा फोल्डर नेते. कुलूप नेलं आणि किल्ली राहिली, असं व्हायला नको."

बाई शेजारी पलंगावर बसून हे सगळं पाहत होत्या. मध्येच विचारायच्या, "दिसलं का व?" मी म्हणायची, "दिसेल." त्यांनी पिशवी परत भरली नव्हती, पण आत नेऊनही ठेवली नव्हती. दाराजवळ तशीच.

लॅपटॉपवर यांचाच प्रोग्राम बसवला. त्यात तो जुना फोल्डर नेऊन टाकला आणि उघडला. कोरा! ना यांच्या खुणा, ना काही. बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि दुसरीकडे पाहायला लागल्या. मग मी नीट विचार केला. मी काय केलं होतं? प्रोग्राम चालू असतानाच त्याच्या पोटातलं काढून दुसरं घातलं होतं. मशीन फिरत असताना कोणी बॉबिन बदलतं का? सगळं बंद केलं. मूळ डिस्क जशीच्या तशी होतीच, तिच्यातून पुन्हा ताजी कॉपी घेतली, जागेवर ठेवली, आणि मग प्रोग्राम उघडला.

वरच्या पट्टीवर यांच्या सगळ्या खुणा उमटल्या. पावसाचा अंदाज, कापसाचा भाव, पेन्शनचं पान, आणि कोपऱ्यात ते गाण्यांच्या मेलचं चित्र. जणू हे आत्ताच उठून चहा प्यायला गेले. मी त्या चित्रावर क्लिक केलं.

नवीन मशीन पाहून मेलवाल्यांनी पासवर्ड मागितला. म्हटलं, माग, आता आहे माझ्याजवळ. इतक्यात मध्येच एक छोटी चौकट आली. साठवलेले पासवर्ड पाहायचे असतील तर मुख्य पासवर्ड टाका.

म्हणजे सगळ्या किल्ल्या एका पेटीत, आणि पेटीला यांनी आणखी एक कुलूप लावलेलं. मेल कायम उघडा असल्यामुळे ते कुलूप मला कधी दिसलंच नव्हतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी हे लावलं असेल तर मग ते आठवल्याशिवाय उघडत नाही. मीही काही करू शकत नाही."

मी टाकून पाहिलं. मुलीचं नाव, नातवाचं नाव, आंजी, स्कूटरचा नंबर. शेवटी माझं नावही टाकलं. तेही नव्हतं. त्या चौकटीला राग मात्र येत नव्हता, प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे पुन्हा विचारायची. मी हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

आता मुख्य पासवर्ड हे त्यांना कसं सांगावं? मी म्हटलं, "बाई, तुमच्या दिरानं खिरापत झाकून ठेवली आहे. ओळखली तर गाणं मिळेल."

बाई एकदम सरळ बसल्या. "खिरापत?"

"तसंच समजा. एक शब्द आहे, कोणाला ओळखता येऊ नये असा."

"मंग तुले काऊन येईन? थे तुह्यासाठीच झाकलं अशीन. मले इचार नं." त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी तो जुना खट्याळपणा आला. "भाऊजीनं मले इचारलं होतं एकदा. गाणं भरून झालं, मंग म्हणे, वहिनी, आजपर्यंत कोणालेच न ओळखू आलेली खिरापत कोणती? मी म्हटलं, कायले पाह्यजे? तर म्हणे, कॉम्प्युटरले कुलूप लावाचं आहे."

फोनवर पलीकडून मुलगी ओरडत होती, "काय म्हणाली मोठी आई? काय म्हणाली?"

"मंग तुमी काय सांगितलं बाई?"

"काय सांगणार? बोरकूट."

बोरकुटाची गोष्ट आमच्या सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. बाई नव्या सून होत्या, पहिली भुलाबाई, आणि सगळ्या आळीतल्या बायका नव्या सुनेची खिरापत ओळखायला टपून बसलेल्या. बाईंनी उन्हाळ्यात वाळवलेल्या बोरांचं कूट बरणीतून काढलं आणि वाटीत झाकून आणलं. आश्विनात बोरं कुठून येणार? झाडाला तर नुसता फुलोरा. लाडू झाले, शेव झाली, लाह्या, चिवडा, सगळी नावं घेऊन झाली. कोणालाही ओळखता आलं नाही. आमच्या सासूबाईंनीसुद्धा हात टेकले होते. एवढी गोष्ट मला पाठ, आणि मी बसले स्कूटरचे नंबर टाकत!

टाकला शब्द, जसे हे मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे, तसाच. चौकट गेली. मेलच्या खाली काळ्या ठिपक्यांची रांग आपोआप भरली. चक्र थोडा वेळ फिरलं, आणि मग समोर आंजीच्या अंगणातली गाणी, एकाखाली एक, यांनी दिलेल्या नावांनिशी.

बाजाराचं गाणं लावलं. आधी कोंबडा ओरडला. मग यांचा आवाज, "हं वहिनी, सुरू करा." मग बाई.

बाई पलंगाच्या काठावर आल्या. थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "हे कोण व? किती भसाडा आवाज आहे हिचा!" मी म्हटलं, तुम्हीच. "नाई माय, मी इतकी घाई नाई करत." पण त्यांचे ओठ हलायला लागले होते. कुंभार गेला, चिवड्याची गाडी आली, आणि तिथं त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "हे! हेच मधातलं!" मग भाजीवाली आली. गाणं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग उठल्या, दाराजवळची पिशवी उचलली आणि आत खुंटीला लावली.

सगळी गाणी मी त्याच वेळी लॅपटॉपवर उतरवली, एका पेनड्राइव्हवर घेतली, मुलीला पाठवली, गल्लीतल्या पोरींच्या ग्रुपवर टाकली. आता आग लागो की कलश पडो.

कोजागिरीला आमच्या अंगणात सतरंज्या टाकल्या. चंद्र समोरच्या गच्चीवरून नुकता वर येत होता, दूध मंद आचेवर होतं. मधोमध भुलाबाई आणि तिच्या बाजूला बाई, नवं लुगडं नेसून. गाणं सुरू झालं. बांगडीवाला झाला, कुंभार झाला, आणि बाई थांबल्या. मला ते थांबणं माहीत होतं. मी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच पोरी चिवड्याच्या गाडीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी तीन-चार दिवस बाईंचंच गाणं फोनवर ऐकलं होतं, त्यांच्याच चालीत, त्यांच्याच घाईत. बाईंनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागून त्यात सामील झाल्या. भाजीवालीला त्यांचा आवाज पुन्हा पुढे गेला. कापडवाल्याचा टोला मात्र त्यांनी पोरींना हाणू दिला, आणि स्वतः हसून घेतलं.

मग खिरापत. बाईंनी वाटी पुढे केली, वर रुमाल. एक पोरगी लगेच ओरडली, "बोरकूट!" सगळ्या हसल्या. बाईंनी बोरकुटाची आणि कॉम्प्युटरची गोष्ट तोपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकली होती, दूधवाल्यालासुद्धा. म्हणजे आमच्या पेटीची किल्ली आता अख्ख्या पिपरी मेघेत फिरत होती.

"नाई," बाई म्हणाल्या. "इतकी भोळी समजली का मले?"

पोरींनी वाटी हलवली, वास घेतला, गोड का तिखट ते विचारलं. माझंही डोकं चालेना, आणि मी त्याच घरात राहत होते. शेवटी सगळ्यांनी हार मानली. बाईंनी रुमाल काढायच्या आधी मला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "लहाने, थे कुलूप बदलून घेजो. हे नाव टाकजो."

रुमाल निघाला, सगळ्यांनी खाल्लं, वाटी रिकामी झाली. पण पोरींना अजून ठाऊक नाही की त्यांनी काय खाल्लं. वस्तू साधीच, चव बाईंनी बदलून टाकली होती. नाव त्यांनी मला सांगितलं आणि फोनवरून माझ्या मुलीला सांगितलं, तिसऱ्या कोणाला नाही. कुलूप मी त्याच आठवड्यात बदललं. बाईंना आजकाल दुपारचं जेवण आठवत नाही, पण मी फोन करून विचारलं की ते नाव बरोबर सांगतात, आणि वरून बजावतात, "कोणाले सांगू नको हं."

म्हणून ते इथं लिहिलेलं नाही.